पहिली आंघोळ

"घमेलं खाली ठिव आजे, न्हाईतर मी उलटं करीन."

तासाभरापूर्वी माझ्याच घरात बाळंत झालेली पोरगी मला हे म्हणाली. एनेलेसी, माझ्या भाचीची लेक. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दवाखान्याला निघाली होती. महिनाभर आधीच कळा आल्या आणि वाटेत माझं घर लागलं. आम्हा सुईणींनी आता हात लावायचा नाही असा सरकारचा हुकूम आहे, पण पोटातलं लेकरू हुकूम थोडंच ऐकतं. मुलगी झाली, मुठीएवढी. बाहेर आठ दिवस झिमझिम चाललेली. चहाच्या मळ्यावर धुकं बसलेलं. ओली लाकडं पेटता पेटत नव्हती.

पोरीच्या अंगावर पांढरा चिकटा होता. आमच्याकडं तो दिसला की बायका पदराआड हसतात, तो नवऱ्याचाच, दोघांना शेवटच्या दिवसांतही दम निघाला नाही म्हणतात. म्हणून कुणी बघायला यायच्या आत लेकरू धुऊन काढायचं. चाळीस वर्षं मी तेच केलं.

"मावशीला धू दे गं," एनेलेसीची आई फायनेसी कळवळून म्हणाली. "गावात तोंड दावायचं हाय मला."

"मग तुजं तोंड धू. पोरीला पानी लावायचं न्हाई आज. तियोंगेताईनं सांगितलंय, उघड्या छातीला धरायची."

तियोंगे म्हणजे दवाखान्याची सायकलवाली, घरोघर फिरून बाळंतिणींना शिकवणारी. कालची पोर, तिला अजून स्वतःचं लेकरू नाही. माझं डोकंच फिरलं.

"ती मला शिकवनार? तुला कुनी धुतली गं? मीच न्हवं?"

"मी जगले. माज्याआदीची तिघं?"

फायनेसीनं मान फिरवली. त्या तिघांबद्दल कुणी बोलत नाही. नाळ पडायच्या आत गेलेल्याला आमच्याकडं नाव नसतं, ढोल नसतो, पुरुष येत नाहीत. दोघी-तिघी बायका पुरतात आणि परत येऊन मका कांडायला लागतात. रडायचीही चोरी. ती तिघं माझ्याच परसात, केळीखाली आहेत.

मी पोरीचे पाय चाचपले. गार होते. तो गारवा माझ्या हातांना ओळखीचा होता. आजवर मी त्याला करणी समजत आले.

घमेलं खाली ठेवलं. एनेलेसीला हुडहुडी भरली होती, तिच्यात ऊब उरलीच नव्हती. मग मीच चोळी काढली, पोर माझ्या सुकल्या छातीला लावली आणि वरून दोन धडपे गुंडाळले.

दुपारी तियोंगे सायकल ढकलत आली. धडप्यात हात घालून म्हणाली, "पाय गरम झाल्यात. आजी, बेस केलंस." एनेलेसीची हुडहुडी तोवर थांबली होती, तिनं पोर तिच्या छातीला बांधली. पोरगी चुटूचुटू प्यायला लागली.

फायनेसी माझ्याजवळ सरकली. "मावशे, त्या तिगांचं पाय बी असंच गार हुतं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. मला माझाच राग आला होता, आणि इतकी वर्षं कुणी काही सांगायला आलं नाही त्याचाही.

"व्हय," मी म्हणाले.

घमेल्यातलं पाणी केव्हाच निवलं होतं. फायनेसीनं ते उचललं आणि परसात केळीला घालायला नेलं. बराच वेळ ती परत आली नाही. मीही हाक मारली नाही.