मावशीला विचारा

"सुटलीस का एकदाची?" ताईनं फोनवर विचारलं. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही.

"सुटतेय," मी म्हटलं. "एक मास्तर मिळालाय."

"मिळालाय कसला! गळ्यात मारलंस म्हण की."

"स्वतःहून आलाय गं बिचारा."

"मग त्याला अक्कल यायच्या आत पळ काढ. गुरुवारची गाडी आहे. आणि तो डबा बरोबर आणायचा नाही, आत्ताच सांगून ठेवते."

डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. ताईचा त्याच्यावर जुना राग. आणि खोटं कशाला बोलू, अलीकडे माझाही. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ती माझ्या खांद्याकडे बघायची, म्हणजे मग तिला माझा चेहरा दिसायचा. डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं की हे थांबणारं नाही, काय बघायचं ते बघून घ्या. ताईला समुद्र बघायचा होता. संसार, मुलगा, सून, नातवंडं यांत तिचा समुद्र राहूनच गेला होता. "तू हवीस बरोबर," ती म्हणाली होती. "जे मला दिसणार नाही ते तू सांगायचं." मी दोनदा हो म्हटलं आणि दोन्ही वेळा, एवढी आवृत्ती बाहेर पडू दे, म्हणून पुढे ढकललं.

आवृत्ती म्हणजे मॅन्युअलची. मशीन चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. कुणी त्यावर जुनी लेथ चालवतं, कुणी लाकूड कोरायचं टेबल. ते बनवणारे हुशार लोक आहेत, पण लिहायचं म्हटलं की सगळ्यांना अचानक कामं आठवतात. मी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात जन्म काढला होता, मला नीट लिहिलेलं नसेल तर चैन पडत नाही. नोकरी सुटल्यावर एक पान दुरुस्त केलं, मग दुसरं. बघता बघता सगळ्या मॅन्युअलचं घोंगडं माझ्या गळ्यात आलं. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातल्या माणसांकडून प्रकरणं मागायची, चुचकारायचं, रागवायचं, पुन्हा मागायचं. सगळे मावशी म्हणायचे; पगार शून्य. रजाही शून्य, कारण रजा द्यायलाच कुणी नाही. मागच्या खोलीत खिडकीला पाठ करून मी बसायची, आणि वाण्याकडे जायचं तरी कुणाचा तरी प्रश्न अर्धा ठेवून उठावं लागायचं.

हे सगळं माझ्याकडून घेणारा मास्तर कुठल्याशा तंत्रशाळेत शिकवायचा. आवाजानं तरुण, उत्साह तर विचारू नका. सोमवारी आम्ही कॉलवर बसलो.

"मावशी, सुरुवात कुठून करू?"

"'पान कसं लिहावं' हे पान आधी वाचा."

त्यानं पान उघडलं. मग म्हणाला, "वाचलं. यात एकच ओळ आहे. 'मावशीला विचारा.'"

"बाकीचं कुणीतरी लिहिणार होतं," मी म्हटलं.

"थांबा हं, शोधून बघतो." की-बोर्ड खडखडला आणि मग तो हसायलाच लागला. "अहो मावशी, तुम्ही मॅन्युअलभर आहात! तारा कशा जोडाव्यात, मावशीला विचारा. मोटर तापली तर, मावशीला विचारा. इथे तर मशीन विकत घेण्यापूर्वीसुद्धा मावशीला विचारायचंय!"

हसू मलाही आलं, पण अर्धवटच. झालं होतं असं, की एकही पान कोरं ठेवायचं नाही हा नियम मीच केला होता. कोरं पान आलं की मी परत पाठवायची. लोकांनी सोपी वाट काढली. माहिती नसेल तिथे माझं नाव टाकायचं, पान भरतं, मावशीही खूश. आणि मी? मला ते दिसत होतं. विचारतील तेव्हा सांगू, एवढं काय, असं म्हणत मी ती पानं घेत गेले. खरं तर बरंही वाटायचं. आता कळलं की मी दारं लावत गेले होते, आणि कड्या सगळ्या आतून.

"काही हरकत नाही," मास्तर म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहितो. गुरुवारच्या आत सगळ्या मावश्या काढून टाकू."

पोरगा कामाचा निघाला. दोन दिवस मी बोलत होते, तो लिहीत होता. एकेक मावशी गळत गेली. बुधवारी सकाळी मी पलंगाखालून बॅग ओढली, पुसली, त्यात दोन साड्या टाकल्या. ताईसाठी मोठ्या कडेची टोपी आणली होती, ती वर ठेवली.

आणि दुपारी वेल्डरचा निरोप आला.

हा वेल्डर आमचा जुना वाचक. त्यानं घरीच पत्रा कापायचं टेबल बांधलं होतं. त्याचं म्हणणं असं, की कापताना काहीतरी अडकलं म्हणून त्यानं मशीन तातडीनं थांबवायचं लाल बटण दाबलं. अडकलेला तुकडा काढायला मशीनचा हात ढकलून बाजूला केला. मग बटण सोडून पुन्हा सुरू केलं, तर मशीन सुसाट जाऊन कडेला आदळलं. माझा हात वीतभर लांब होता, त्यानं लिहिलं होतं. पानावर बघितलं तर लिहिलंय मावशीला विचारा, म्हणून विचारतोय. शनिवारी पुन्हा चालू करणार आहे, घाई नाही.

घाई नाही! मशीनला डोळे नसतात. चालू झालं की आधी ते कोपऱ्यातल्या स्विचला जाऊन टेकतं आणि तिथून मोजायला लागतं. मध्येच त्याला हातानं ढकललं, तर त्याच्या हिशेबी ते अजून जुन्याच जागी असतं. म्हणून लाल बटणानंतर पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात करायला लावायची. आता ती सक्ती कुठे आणि कशी घालायची, हे ज्याच्या त्याच्या जोडणीवर. एकाला लागू पडेल ते दुसऱ्याचा हात घालवेल.

मी मास्तरला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, हे पान मी नाही लिहिणार. मोटर तापली वगैरे ठीक आहे. पण कुणाचं बोट गेलं तर? माझी छाती नाही."

पोरगा खरंच बोलत होता. वेल्डरला मी लगेच कळवलं की पान येईपर्यंत मशीन चालू करू नकोस. पण लाल बटणाचं पान उघडणारा तो काही एकटाच नव्हता. ज्यांच्याकडे वेगवेगळ्या जोडण्या होत्या त्या सगळ्यांना लिहिलं की माझी कृती तुमच्या मशीनवर करून बघा आणि सांगा. फुकटात काम करणारी माणसं, त्यांना आजच्या आज कर असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्यांना वेळ होईल तेव्हा ते बघणार होते.

गुरुवारी सकाळपर्यंत एकाचंच उत्तर आलं होतं.

ताई जिना चढून आली. भाचा खाली गाडी चालू ठेवून थांबला होता. दारातली बॅग तिला दिसली नाही, पायाला लागली. तिनं वाकून चाचपली.

"भरलेली आहे की," ती म्हणाली. मग मागच्या खोलीत येऊन माझ्या खांद्याकडे बघितलं. "साडी घरातली दिसतेय."

"ताई, एक पान राहिलंय. लोकांची उत्तरं येईपर्यंत... शनिवारच्या गाडीनं येते मी. शपथ."

"शपथ कशाला घेतेस?"

"कुणाचा तरी हात जाईल गं!"

"मी कुठे म्हणतेय जाऊ दे म्हणून?" ती स्टुलावर बसली. खालून हॉर्न वाजला. "मला राग आलाय, धाकटे. खूप आलाय. पण तू उठून आलीस तरी तिथे वाळूत बसून त्या हाताचाच विचार करत बसशील. तुला काय मी आज ओळखते?"

मला रडू फुटलं. ताईनं उठून माझं डोकं पोटाशी धरलं, चांगलं दोन-तीनदा थोपटलं आणि म्हणाली, "टोपी कुठंय? आणली होतीस ना? दे इकडे."

टोपी घालून ती कठड्याला धरून जिना उतरली. तिकडे तिची शाळेतली मैत्रीण उतरवून घेणार होती. शनिवारी मी निघणारच होते.

शुक्रवारी एक उत्तर आलं, शनिवारी दुपारी शेवटचं. माझी गाडी सकाळीच गेली होती. पण पान झालं. लहान लहान वाक्यांचं, चित्रासकट, कुणालाही कळेल असं. ते आधी वेल्डरला पाठवलं; मशीन आता आधी आपणहून कोपऱ्यात जातं, तोवर कापायला लागतच नाही, असा त्याचा निरोप आला. मी पाठ टेकली. मास्तरनं पान चढवलं आणि कळवलं, "मावशी, झकास!" मी शेवटचं एकदा वाचायला उघडलं. सगळं बरोबर होतं. खाली त्यानं आपुलकीनं एक ओळ घातली होती. अधिक शंका असल्यास मावशीला विचारा.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले गं समुद्रावर," ताई ओरडून बोलत होती. वारा फोनमध्ये घोंघावत होता. "केवढा आवाज आहे! बाई बाई!"

"दिसतोय का?"

"समोर आहे म्हणतात. मान फिरवली की कडेनं काहीतरी चमकतं, नीट बघायला गेलं की जातं. मैत्रिणीला विचारलं, तर म्हणे, समुद्र आहे, समुद्रासारखा. घ्या! तिला सांगता येत नाही. तुझ्यासारखं नाही." मग आवाज खाली आला. "धाकटे, निळा असतो का गं?"

पडद्यावर कुणाचा तरी नवा प्रश्न येऊन उभा राहिला. मी खुर्ची फिरवली. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, पाण्याच्या पाइपाखाली ओल आलेली.

"सगळीकडे नाही," मी म्हटलं. "आधी पायाशी बघ. तिथे पांढरा असतो, फेसाचा."

"बरं. पुढे?"

"पुढे मातकट. त्याच्या पलीकडे हिरवा."

"हं. सावकाश सांग," ताई म्हणाली, आणि मी भिंतीकडे बघत एकेक रंग सांगत राहिले.