उघडा सी-कॉक

नौदलातून निवृत्त झाल्यावर श्रीरंग कारखानीस दिल्लीत नदी-सर्वेक्षणाच्या सरकारी लाँचवर इंजिनियर म्हणून लागले. रोज आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून स्कूटरनं ओखल्याला यायचे आणि आल्या आल्या इंजिनाचं झाकण उघडायचे. इंजिन थंड ठेवायला लाँचच्या तळातल्या भोकातून नदीचं पाणी आत घेतात. त्या भोकावर पितळी सी-कॉक, म्हणजे पाणी बंद करायची तोटी होती. त्याचा दांडा ते रोज उघडबंद करून बघत, अधूनमधून ग्रीस लावत. सोबतचा सर्व्हेअर उल्हास तांबे सरोजिनी नगरात वाढलेला. तो हसायचा, "सर, यमुनेत कसला सी? नाल्याचं पाणी आहे यार."

"पाइप फुटला आणि दांडा अडकला, तर त्याच पाण्यात जाशील. ये, फिरव."

उल्हास चरफडत फिरवायचा.

त्या वर्षांत नोएडात सोसायट्या धडाधड उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यासाठी नदीतून वाळू उपसली जात होती. त्यामुळे नदीकाठच्या बांधाच्या पायथ्याशी केवढा खड्डा पडलाय, ते या दोघांनी मोजून कळवलं. उपसा बंद करायची नोटीस निघाली.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, वाळूची एक बोट लाँचला येऊन भिडली. ठेकेदाराचा माणूस महिपाल लोखंडी रॉड घेऊन चढला. मागून आणखी दोघे.

"नापने का बहुत शौक है?" म्हणत त्यानं उल्हासच्या तोंडावर रॉड घातला. उल्हास कोसळला. ओठ फाटून पुढचे दात पडले होते. खोली मोजायचं यंत्र नदीत गेलं. मग एकानं इंजिनाचं झाकण उचललं आणि सी-कॉकच्या वरचा पाइप कुऱ्हाडीनं तोडला. मनगटाएवढी धार उसळली.

कारखानीस दांड्याकडे झेपावले. त्यांचा हात दांड्यावर पडला आणि महिपालनं त्यावर बूट ठेवून टाच फिरवली. दोन बोटं मोडली.

"रहने दे, बाबूजी. डूबने दे."

त्याचे साथीदार आपल्या बोटीत परतून त्याला बोलावू लागले. तो निघाला नाही. त्याला लाँच बुडताना बघायची होती. पाणी घोट्याच्या वर आलं, तेव्हा कारखानीसांच्या डाव्या हाताला पाण्यात पाइप पाना लागला. त्यांनी तो महिपालच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो आडवा पडताच त्यांनी पुन्हा हाणला, खांद्यावर, मग कानावर. साथीदारांनी ते पाहिलं आणि बोट घेऊन पळाले.

आता दांडा मोकळा होता. कारखानीस तिकडे वळले नाहीत. ते महिपालच्या छातीवर बसले आणि त्याचं तोंड पाण्याखाली दाबून धरलं. त्याचे पाय आपटत होते. लाँच एका बाजूला कलू लागली.

"सर," उल्हास रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाला. "सी-कॉक बंद करा. आपण बुडतोय."

"बुडू दे."

उल्हास रांगत गेला, पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि दांडा आडवा केला. धार थांबली. मग त्यानं मागून कारखानीसांच्या गळ्याला विळखा घालून त्यांना ओढलं. ते सुटेनात, तेव्हा त्यांच्या मोडक्या बोटांवर बुक्की मारली. महिपाल उलटी करत श्वास घेऊ लागला.

पोलिसांना महिपालनं सांगितलं, की साहेब मला बुडवून मारत होते. उल्हासनं जबाब दिला, की मी बेशुद्ध होतो. पोलिसांनी उल्हासवर विश्वास ठेवला.

उजवा हात प्लॅस्टरमध्ये असल्यानं घरी अलकनंदाबाई नवऱ्याला वरणभात भरवत होत्या. दुसऱ्या घासाला ते म्हणाले, "कॉक उल्हासनं बंद केला. मी करणार नव्हतो."

"तोही लाँचमध्येच होता ना? उल्हास?"

"हो."

अलकनंदाबाईंनी घास ताटात ठेवला आणि त्या नवऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या.

महिन्याभरानं कारखानीस ठाण्यात जाऊन खरं काय ते सांगून आले. इन्स्पेक्टरनं ऐकून घेतलं, चहा मागवला, लिहिलं काहीच नाही. नवे दात बसवून उल्हास कामावर आला, तो ऑफिसातली बदली घेऊनच. कॉरिडॉरमध्ये भेटल्यावर कारखानीसांनी विचारलं, "बोटीची भीती बसली का रे?"

"नाही सर," उल्हास म्हणाला. "बोटीची नाही."