पॅडवरची शेवटची ओळ

मी एक पॅड बोलतोय. परीक्षेला मुलं कागद लावायला नेतात ना, तसलंच. पण माझी पाठ पुठ्ठ्याची नाही, ओकच्या फळीची आहे. अल्टनने आपल्या मोडीत निघालेल्या होडीतून मला कापलं, वर पितळी चाप बसवला आणि बायकोच्या, वर्नाच्या, हातात दिलं.

तेव्हा मेरिल डनफील्ड पहिल्यांदा सिनेटला उभा राहत होता. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्यात उभं राहायचं तर आधी मतदारांच्या सह्या लागतात, आणि सह्या हव्या असतील तर शनिवारी गावच्या कचरा डेपोवर जावं; घरचा कचरा जो तो स्वतःच तिथे आणून टाकतो. चर्च चुकवणारे पुष्कळ, पण डेपो कुणाला चुकत नाही.

तीस वर्षं, पाच निवडणुका. वर्ना मला छातीशी धरून बर्फात उभी राहायची. शाई गोठू नये म्हणून तिची मैत्रीण फिलिस पेन काखेत ठेवायची. शेवटच्या कागदाची शेवटची ओळ फिलिसची. "माझ्या सहीशिवाय तो मेला वॉशिंग्टनला पोचतोच कसा, बघते!" असं म्हणत ती सही ठोकायची.

यंदा अल्टन हयात नव्हता, तरी वर्ना उभी राहिली. डेपो सांभाळणाऱ्या रॉस्कोने तीस वर्षांत कधी सही केली नव्हती. यंदा तो स्वतःहून आला.

"दे इकडे. त्या डनफील्डवर माझा काडीचा विश्वास नाही. तुझ्या शब्दावर करतोय, वर्ना."

"घे माझा शब्द," ती म्हणाली. आणि हसत तिने मला त्याच्यापुढे धरलं.

सह्या जमा करण्याच्या मुदतीला चार दिवस उरले होते. रॉस्कोच्या खोपटातल्या रेडिओवर डनफील्डचा आवाज आला. आभार मानले, दमलोय म्हणाला, यापुढे उभा राहणार नाही म्हणाला. पक्षात कुणाला आधी कळवलं नव्हतं. दमण्याचा मला राग नाही, दमतो माणूस. पण आम्ही इकडे कुडकुडत उभे होतो हो!

समोरची रांग पांगली. रॉस्को रेडिओ बंद करून आत गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकाच्या नावावरच्या सह्या दुसऱ्याला चालत नाहीत. पक्षातले दोघं लगेच सरसावले, ॲन्सन आणि ग्रीली, आणि पक्षाची दोन शकलं झाली. फिलिस ॲन्सनचे कोरे कागद घेऊनच आली.

"अगं, लाव हे! चार दिवस आहेत अजून."

"मी त्याला ओळखत नाही, फिलिस. पुन्हा कुठल्या तोंडाने शब्द देऊ?"

"म्हणजे पक्ष बुडाला तरी चालेल, पण तुझं नाक वर राहिलं पाहिजे!"

"आधी रॉस्कोला काय सांगू ते सांग."

"मग बस त्या रॉस्कोला कुरवाळत!" तिने माझ्यावरचं पेन ओढून काखेत घातलं आणि ती निघून गेली. पुन्हा बोलली नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. दोघांनाही सह्या कमी पडल्या. मतपत्रिकेवर आमच्या पक्षाची जागा कोरी राहिली, आणि गावाने बोट दाखवलं ते वर्नाकडे.

ती मला घेऊन सही करणाऱ्या प्रत्येकाच्या दारी गेली. "माझा शब्द खोटा ठरला, माफ करा," एवढंच म्हणायची. मग एके दिवशी तिने मला डेपोच्या शेडमध्ये ठेवलं. नको असलेल्या वस्तू तिथे ठेवतात, हवं त्याने न्याव्यात. चापाखाली शेवटचा कागद तसाच होता.

गेल्या शनिवारी फिलिस आली. मोडक्या खुर्च्यांमध्ये तिला मी दिसलो. शेवटची ओळ रिकामी होती. आता उन्हाळा आहे, शाई गोठत नाही, तरी पेन काखेतूनच निघालं. तिने आपल्या ओळीवर सही केली. डोळे पुसले. वर्नाच्या घराच्या दिशेने चार पावलं गेली, परत आली आणि मला तिथेच ठेवून गाडीत बसली.

वर्ना आता डेपोवर येत नाही. तुम्ही मला उचललंत तर कृपा करून आपल्या घरी नेऊ नका. चर्चच्या मागे निळ्या दाराचं घर आहे. तिथे पायरीवर ठेवा, सही वर दिसेल असं.