मी चोराच्या शेजारची वेबसाइट

मी एक साधीसुधी वेबसाइट बोलतेय. माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचेल की नाही याची धाकधूकच आहे, कारण हल्ली मला वाटेतच अडवतात.

माझा जन्म झाला तो गाणं शिकवणाऱ्या एका सरांसाठी. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. तेव्हा त्यांच्या मुलीनं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली जुनी गाणी माझ्याकडे सोपवली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या. पुढे घरचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला आणि तो आवाज फक्त माझ्याजवळ राहिला. रोज सकाळी चहा घेताना सर मोबाइलवर मला उघडत, स्वतःचं गाणं ऐकत आणि स्वतःच्याच चुका काढत बसत!

एका मोठ्या सर्व्हरवर आमची कितीतरी बिऱ्हाडं, सगळ्यांचा पत्ता एकच. माझी शेजारीण दुसऱ्यांची गाणी चोरून फुकट वाटायची. गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या. हिला बंद करा, असं कोर्टानं इंटरनेट कंपन्यांना सांगितलं. योग्यच केलं. पण सरांच्या इंटरनेट कंपनीतल्या इंजिनिअरनं घाईगडबडीत तिच्या नावाऐवजी आमचा अख्खा पत्ताच बंद करून टाकला.

सरांनी मला उघडलं, तर समोर पाटी: 'गाण्यांच्या चोरीमुळे कोर्टाच्या आदेशानुसार बंद.'

मला हे कळलं ते मुलीच्या ऑफिसात. तिथलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं, त्यामुळे तिथे मी अजून उघडते.

"अहो बाबा, त्यांची चूक आहे. तक्रार केलीय मी," ती फोनवर सांगत होती.

"माझीच गाणी मी चोरली?" पलीकडून कुजबुज आली. "शेजाऱ्यांनी वाचलं ते. जन्मभर पोरांना शिकवलं आणि आता चोर ठरलो. काढून टाक ती साइट."

"निदान गाणी तरी उतरवून घेते."

"नको. एकही ठेवू नकोस."

तिनं हट्टापुढे हात टेकले. माझ्या पडद्यावर प्रश्न उमटला: 'कायमचं काढून टाकायचं?' मी पार घाबरून गेले. मी गेले तर तो आवाजही जाणार!

तिचं बोट थबकलं. तिनं एक गाणं लावलं आणि फोन स्पीकरजवळ धरला. गाणं संपलं.

"बाबा, काढू का?"

पलीकडून कुजबुज आली, "दुसऱ्या कडव्यात घाई केलीय मी. पुढचं लाव."

तो प्रश्न अजून पडद्यावर तसाच आहे. इंजिनिअरसाहेब, चोराला खुशाल अडवा, पण माझं दार तेवढं लवकर उघडा हो. तोवर मी पुढचं गाणं लावते.