केसभर बाहेर

“हसू नकोस, आत्या. रेघ हलतेय.”

भाचीने आत्याची हनुवटी दोन बोटांत धरली आणि पेन्सिलीचे टोक पुन्हा वरच्या ओठाच्या मध्यावर टेकवले. दुपारच्या वेळी पार्लरमध्ये दुसरे गिऱ्हाईक नव्हते. आत्या उंच खुर्चीत गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसली होती आणि हसू दाबण्याच्या प्रयत्नात तिचे खांदे हलत होते. सारा जन्म तिने चेहऱ्याला पावडरीपलीकडे काही लावले नव्हते.

तिचे ओठ मुळातच पातळ. लहानपणी थोरला भाऊ, म्हणजे या भाचीचा बाप, तिला ‘टपालपेटी’ म्हणायचा. तोंडाच्या जागी नुसती फट म्हणून. वयाबरोबर ती फटही अरुंद होत गेली होती.

“कुणासाठी चाललंय हे, ते तरी सांग,” भाची म्हणाली. “या वयात बहीण प्रेमात पडली म्हटल्यावर बाबा जेवायचे नाहीत.”

“आहे एक जण,” आत्या ओठ न हलवता म्हणाली. “सहा वर्षांची. पुढचे दोन दात पडलेत.”

आत्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत असे. तिथे तिला सगळे बाई म्हणत. मुलांना खुणांची भाषा येत होती. पण दुकानात, बसमध्ये, शेजारीपाजारी लोक तोंडानेच बोलतात, तेव्हा ओठांवरचे शब्द टिपायला शिकवणे हे बाईंचे काम. यंदा वर्गात आलेल्या एका चिमुरडीला सगळे ‘खारूताई’ म्हणत. ती बाईंच्या तोंडाकडे थोडा वेळ बघायची, काही हाती लागले नाही की मान वळवून मोकळी व्हायची. मदतनीस मावशींचे मात्र तिला सगळे कळे. मावशींचे ओठ असे भरदार की त्या नुसत्या ‘ये’ म्हणाल्या तरी मैदानापलीकडून दिसावे.

मुख्याध्यापिकांनी आदल्या दिवशी समजुतीच्या सुरात सांगितले होते, की खारूताईला सोमवारपासून शेजारच्या वर्गात बसवू, तिथल्या नव्या बाईंचा चेहरा बोलका आहे. त्यात वावगे काही नव्हते. पण बाईंना त्या रात्री जेवण गेले नाही.

हे ऐकून भाचीची थट्टा थांबली. तिने आरसा जवळ ओढला आणि शिकवायला सुरुवात केली. रेघ ओठाच्या कडेवर नाही, केसभर बाहेर काढायची, तीही मध्यावरच. कोपऱ्यांत बाहेर गेलीस तर विदूषक होशील, ती म्हणाली. कडेला गडद रंग, मधे फिका, म्हणजे मधला भाग पुढे आल्यासारखा वाटतो. शेवटी खालच्या ओठावर चमकीचा एक थेंब. आत्याने आरशात पाहिले. कुणीतरी पाहुणी बाई आपल्याकडे बघते आहे असे तिला वाटले, आणि ती पाहुणी तिला आवडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात हलकल्लोळ झाला. एकाने टाळ्या वाजवल्या, एकीने खुणेने विचारले, लग्न आहे का. आणि खारूताई पहिल्यांदाच सबंध तास बाईंच्या तोंडावरून नजर न हटवता बसली. बाई हुरळून गेल्या. ‘फूल’ म्हटले, ‘मासा’ म्हटले, ‘पंखा’ म्हटले. मुलगी नुसती मान कलती करून बघत राहिली. मग उठून जवळ आली, बाईंच्या खालच्या ओठाकडे बोट दाखवले आणि हवेत एक चौकोन काढला. मग मागे वळून खिडकी दाखवली.

चमकीत खिडकी दिसत होती. पोर तासभर तीच बघत होती.

त्या संध्याकाळी आत्या पुन्हा पार्लरमध्ये हजर.

“चमक नको. फोटोसाठी नाहीत हे ओठ, वाचायला आहेत.”

भाचीने डोके खाजवले. तिचे सारे कसब कडा मऊ करण्यात होते, आणि इथे तर कडा ठळक हवी होती. तिने चमक पुसली, ओठांवर पातळ कागद धरून वरून पावडर थोपटली, रेघ मात्र धारदार ठेवली. आत्याने तिच्या कानांत कापूस कोंबला, समोर बसवले आणि आवाज न काढता बोलून दाखवले.

“माळ,” भाची ओरडली.

“बाळ,” आत्याने तिचा कापूस काढत सांगितले. “पण चालेल. ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. माझी पोरंही तिथेच अडतात, आणि मागच्यापुढच्या शब्दांवरून ओळखतात. पास झालीस.”

शुक्रवारी सकाळी बाईंनी घरच्या आरशात स्वतःच्या हाताने रेघ काढली. वर्गात आज कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवलाई संपली होती. खारूताई बघत होती, पण एकदाही बोलली नाही. बाईंनीही फार आग्रह धरला नाही. रोपटे उपटून मूळ बघायचे नसते, हे त्या नव्या शिक्षिकांना नेहमी सांगत.

दुपारी मुले चित्रे काढत बसली. बाई टेबलामागे उभ्या होत्या. सकाळपासून उभे राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. एकटीने पुटपुटायची त्यांना जुनी सवय. ऐकणारे कुणी नसल्याने ती कधी गेलीच नाही. आवाज न काढता त्या स्वतःशीच म्हणाल्या, ‘पाय मोडले ग बाई.’

काही तरी खरडल्याचा आवाज आला. खारूताई आपले लाकडी स्टूल दोन्ही हातांनी ओढत येत होती. टेबलाला वळसा घालून तिने ते बाईंच्या पुढ्यात ठेवले.

“पाय,” ती म्हणाली.

शब्द जाडाभरडा होता, शेवट पडलेल्या दातांतून निसटला होता. पण तो पायच होता. बाईंनी टेबलाकडे पाहिले. पुढून ते खालपर्यंत बंद होते. मुलीच्या जागेवरून पावले दिसणे शक्य नव्हते. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी नुसते ओठ हलवून ‘मावशी’ म्हटले. मुलीने चटकन दाराकडे पाहिले आणि कुणी नाही असे बघून, फसवता काय, अशा नजरेने बाईंकडे वळली.

बाई खुर्चीत बसल्या आणि आज्ञाधारकपणे पाय स्टुलावर ठेवले. खारूताईने त्यांच्या ओठावर बोट दाबले, बोटाला लागलेला रंग निरखला आणि स्वतःच्या ओठांना फासला. केसभर नाही, चांगला बोटभर बाहेर.

मुख्याध्यापिका दारात आल्या तेव्हा बाई भर वर्गात पाय वर करून बसल्या होत्या.

“काय चाललंय, बाई?”

“शिकवतेय,” बाई म्हणाल्या.

“बरं, ते सोमवारचं...”

बाई खारूताईकडे वळल्या आणि आवाज न काढता एकच शब्द बोलल्या: ‘बसतेस?’

खारूताईने बाईंची पावले जरा बाजूला सारली आणि स्टुलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर त्यांना खेटून बसली.