वाहन क्रमांक : पायी

माझं वजन एकशे सव्वीस किलो आहे आणि उंची सहा फूट एक इंच. एवढं सरळ वाक्य लिहायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली, कारण आमच्या घरात माझं वजन कधी पूर्ण सांगितलंच जात नाही. डॉक्टर विचारोत, शिंपी विचारो, नाहीतर नवी शेजारीण विचारो, माझ्याआधी आई उत्तर देते आणि देता देता दहा-पंधरा किलो गाळून टाकते. उंचीतलेही दोन इंच खाते. मी मूग गिळून बसते.

गंमत अशी, की माझं पोट वजनावरच चालतं. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर ट्रक तोलायचा काटा आहे. तिथल्या काचेच्या खोलीत मी बावीस वर्षं बसते आहे. भरलेला ट्रक फलाटावर येतो, ड्रायव्हर खाली उतरतो, पडद्यावर आकडा थांबतो आणि मी पावती काढून देते. कुणी कितीही गोड बोललं, तरी आकडा बदलत नाही. ड्रायव्हर मला काटेताई म्हणतात आणि पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या शहराच्या टोकाला तलाव आहे आणि तलावाच्या मधोमध एक लहानसं बेट. सहावीत असताना शाळेची सहल त्या बेटावर जाणार होती. होडीत आम्ही दाटीवाटीने बसलो, होडी एका बाजूला कलली आणि नावाड्याने माझ्याकडे बोट दाखवून बाईंना सांगितलं, "ती मोठी मुलगी उतरवा, नाहीतर मी निघत नाही." बाईंनी उतरवलं. सगळा वर्ग हसला. मी काठावर एक्केचाळीस जोडी बूट आणि एक्केचाळीस दप्तरं सांभाळत बसले. परत आल्यावर सगळ्यांनी सांगितलं की बेटावर बघण्यासारखं काहीच नाही. त्याने तर जास्तच राग आला.

पोहायला मी चाळिशीनंतर शिकले, तलावाची भीती तशी नव्हती. पण कुणाच्याही होडीत पाय ठेवायचा नाही, हे पक्कं होतं. मग दोन वर्षांपूर्वी तलावावर माणसं पाण्यावर उभी दिसायला लागली. लांबुडकी फळी, हवा भरून फुगवायची, तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मागे सारायचं. त्याला पॅडलबोर्ड म्हणतात हे मला कळलं आणि दुसरी गोष्ट कळली ती ही, की त्यावर नावाडी नसतो. मी ठरवलं. त्या बेटावर जायचं, स्वतःच्या पायांवर उभं राहून जायचं, आणि जाताना कुणाची परवानगी घ्यायची नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक सहावीपासून म्हणतायत," मी म्हटलं. "आता नवीन काय म्हणणार?"

तरी दुकानात ती बरोबर आलीच. मला एकटीला फसवतील अशी तिला खात्री होती. दुकानात तंबू, सायकली आणि भिंतीला टेकून उभे केलेले बोर्ड होते. दुकानदार चणीने लहान, बोलायला चुणचुणीत. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, वरपर्यंत पोचायला त्याला जरा वेळ लागला, आणि मग त्याने विचारलं, "वजन किती, ताई?"

"एकशे दहा," आई म्हणाली.

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. जी बाई ट्रकवाल्यांची एक गोणी सोडत नाही, तिने स्वतःचे सोळा किलो निमूटपणे सोडून दिले. सवय म्हणा, लाज म्हणा. दुकानदाराने पाण्यासारख्या फिक्या हिरव्या रंगाचा बोर्ड काढला. साडेदहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद. "एकशे तीसपर्यंत आरामात चालतो," तो म्हणाला. "लेडीजमध्ये हाच जातो जास्त." आईला रंग आवडला. नाजूक दिसतो म्हणाली. मी तो नाजूक बोर्ड खांद्यावर टाकून घरी आणला.

शनिवारी सकाळी तलावावर गेले. गुडघ्यांवर बसेपर्यंत ठीक होतं. उभी राहिले आणि बोर्ड मधोमध वाकला, दोन्ही टोकं वर, मी खड्ड्यात. घोट्यापर्यंत पाणी आलं. एका बाजूला तोल गेला, सावरायला दुसऱ्या बाजूला गेले आणि पडले. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा चढताना काठावरचा एक टोपीवाला गृहस्थ, रोज येणाऱ्यांपैकी, मोठ्याने म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या शरीराला हे झेपायचं नाही. उगाच हसं करून घेऊ नका."

मी बाहेर आले. बोर्डातली हवा सोडली आणि ती फुस्स होत जाताना मला रडू आलं. सहावीतली होडी परत निघून गेली आणि मी परत काठावर, एवढंच वाटत होतं. घरी आईने टॉवेल पुढे केला. बोर्ड मी पलंगाखाली सारला.

सोमवारी दुपारी वाळूचा ट्रक काट्यावर आला. आकडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा वर गेला. ड्रायव्हर ओळखीचा, पान खाऊन हसणारा. खिडकीशी येऊन म्हणाला, "काटेताई, थोडं कमी लिहा ना. कुणाला कळतंय?"

"रस्त्याला कळतं," मी म्हटलं. "ब्रेकला कळतं. पावतीवर कमी लिहिलं म्हणून उतारावर तुझी गाडी हलकी होणार आहे का?"

तो हसला, पण मी हसले नाही, कारण माझंच वाक्य माझ्या कानांवर आदळलं होतं. पाण्यालाही कळतं की. आईने सोळा किलो गाळले, दुकानदाराने त्या हिशेबाने बोर्ड दिला, आणि पाण्याने मात्र पूर्ण एकशे सव्वीस मोजले. त्यात माझ्या शरीराचा काय दोष? चूक शरीराची नव्हती, पावतीची होती.

शिवाय दुसरी गोष्ट. तो बोर्ड एकशे तीस किलो पेलतो म्हणजे काय? ट्रकवर जेवढा आकडा लिहिलेला असतो तेवढा भरला, तर ट्रक उभा राहतो, मोडत नाही. पण चढावर दम टाकतो, वळणावर डोलतो. शहाणा ड्रायव्हर त्याच्या बराच खाली थांबतो. बावीस वर्षं हे रोज डोळ्यांनी बघत होते आणि स्वतःसाठी खरेदी करताना विसरले.

वाळूचा ट्रक गेला. फलाट रिकामा होता, रांगेत दोन गाड्या उभ्या होत्या. मी खोलीतून उठले, बाहेर आले आणि फलाटाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. भर दुपारी, सगळ्यांसमोर. बाहेरच्या मोठ्या लाल आकड्यांच्या पाटीवर दिसलं : १३०. आमचा काटा दहा-दहाच्या पायरीने चालतो, सव्वीसचे तीस होतात. दोन्ही ड्रायव्हर बघत होते. एकाने शिट्टी वाजवली.

"काय बघतोस?" मी ओरडले. "नंबर लाव. तुझाही आकडा लागणारच आहे!"

खोलीतल्या मदतनीस मुलीला पावती काढायला सांगितली. वाहन क्रमांकाच्या रकान्यात काय लिहू, तिने विचारलं. मी म्हटलं, पायी.

संध्याकाळी पावती आईपुढे ठेवली. तिने चष्मा लावला, वाचली आणि म्हणाली, "हे कुणाला दाखवू नकोस हं."

"का कमी सांगतेस गं तू? एवढी लाज वाटते माझी?"

आई म्हणाली, "तुला त्या होडीतून उतरवलं ना, त्या दिवशी तू जेवली नाहीस. मला वाटलं, आकडा लहान सांगितला तर पुन्हा कुणी उतरवणार नाही. बाकी काही डोक्यात नव्हतं माझ्या."

छत्तीस वर्षं मी समजत होते की तिला माझी लाज वाटते. मी म्हटलं, "अगं, परवा तुझ्या लहान आकड्यानेच बुडवलं मला." ती आधी रागावली, मग तिला हसू आलं, मग तिने पदर नाही की रुमाल नाही, पावतीनेच डोळे पुसायला घेतले. मी पावती काढून घेतली. उद्या लागणार होती.

दुकानात आठ दिवसांत बदलून देण्याची पाटी होती. मी हिरवा बोर्ड टेबलावर ठेवला आणि वर पावती. दुकानदाराने पावती वाचली, पुन्हा वाचली.

"हे... ट्रकच्या काट्याचं आहे."

"हो. सरकारी शिक्क्याचा काटा आहे. आता माझ्या वजनाच्या दीडपट पेलणारा बोर्ड काढा. काठोकाठ नको."

"एवढा मोठा लेडीजमध्ये येत नाही, ताई."

"पाणी लेडीज-जेंट्स बघत नाही. जेंट्समधला काढा."

त्याने मागच्या खोलीतून एक धूड ओढत आणलं. बारा फूट लांब, छत्तीस इंच रुंद, सहा इंच जाड, दोनशे किलोपर्यंत. रंग म्हणाल तर रस्त्याच्या कामावरच्या रोलरसारखा पिवळा. मी तिथेच हवा भरायला लावली. दाबाच्या काट्यावर दहा आले तसा तो घाम पुसत म्हणाला, "पुरे एवढं."

"बोर्डावर पंधरा लिहिलंय."

"पुढे फार जड जातं हो दाबायला."

"सरका," मी म्हटलं आणि पंपाच्या दांड्यावर वजन टाकलं. अकरा, बारा, तेरा, पंधरा. बोर्ड दगडासारखा कडक झाला. दोन खुर्च्यांवर दोन टोकं ठेवून मी मध्ये हात रेटून पाहिला, वाकला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझं वजन माझ्या बाजूने होतं.

वल्हं त्याने मधल्या मापाचं दिलं. मी हात वर केला. वल्ह्याची मूठ त्या हाताच्या मनगटापर्यंत यायला हवी, ती कपाळाशीच संपली. "लांब होणारं द्या. वाकून वल्हवायला मी आलेले नाही." पाण्यातलं जाकीटही बदललं, पट्टा लागेल असं. आई एका बाजूला बसून सगळं ऐकत होती. रंग बघून तिने नाक मुरडलं. निघताना पावती तिने आपल्या पिशवीत टाकली.

तीन रविवार मी काठाकाठाने फिरले. आधी गुडघ्यांवर, मग उभी. पाय बोर्डाच्या मधोमध असलेल्या, उचलायच्या मुठीच्या दोन बाजूंना, नजर समोर. पडले, खूप पडले, पण आता पडत होते ती शिकाऊ म्हणून. बोर्ड वाकत नव्हता.

चौथ्या रविवारी वारा पडलेला होता. आई बरोबर आली. माझ्या चपला उचलून तिने आपल्या शेजारी दगडावर ठेवल्या आणि त्यांच्यावर हात ठेवून बसली. मी घोट्याला बोर्डाचा दोर बांधला, उभी राहिले आणि बेटाकडे तोंड केलं. अर्धा किलोमीटर असेल.

निम्म्यावर गेले असेन. शांत पाण्यावर काठावरचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. टोपीवाल्याचा आवाज आला, "केवढा हा बोर्ड! वजन तरी किती आहे हो तुमच्या मुलीचं?"

इतक्या वर्षांचं उत्तर मला पाठ होतं. एकशे दहा म्हणेल, नाहीतर आज पाणी जास्त दिसतंय म्हणून एकशे पाच म्हणेल.

"एकशे तीस!" आई ओरडली. सगळ्या काठाला ऐकू जाईल अशी. "एकशे तीस किलो! पावती आहे माझ्याकडे, बघायचीय?"

आईने चार किलो जास्त सांगितले होते. मला एवढं हसू फुटलं की बोर्ड डुचमळला. मागे वळून बघायचं नाही, वळलं की पडतो, हे तीन रविवारांत शिकले होते. म्हणून नजर समोर ठेवून, नाक ओढत, वल्हं मारत राहिले.

बेटावर खरंच बघण्यासारखं काही नाही. दोन झाडं, पक्ष्यांची घाण, एक फुटकी बादली. मी बोर्ड वर ओढला आणि ओल्या पायांनी सगळं बेट फिरून घेतलं, दोनदा. मग काठाकडे तोंड करून उभी राहिले. पलीकडे आई बारीकशी दिसत होती, माझ्या चपला सांभाळत.