ऊन किती मार्कांना?

लातूरमधल्या माझ्या खोलीत सकाळ थेट येत नाही. ऊन आधी समोरच्या वसतिगृहाच्या काळ्या टाकीवर उतरते, तिथून घसरत वाळत घातलेल्या गणवेशांवर येते, कठडा ओलांडते आणि गल्लीत पडण्याआधी विजेच्या तारांवर क्षणभर तोल सावरते. मग खिडकीच्या गजांतून आत येऊन फरशीवर फिकट चहासारखे पसरते. क्लासच्या या शहरात घाई नसलेली तेवढी एकच गोष्ट असावी.

हे ऊन मी जलरंगात रंगवून इन्स्टाग्रामवर टाकत असे. पोटासाठी मात्र एका क्लासच्या जीवशास्त्राच्या नोट्सना आकृत्या काढून देत होतो. तिथली विद्यार्थिनी दिपाली हिने माझे इन्स्टाग्रामचे पान शोधले आणि तिच्या आग्रहाखातर मी एकदा किडनीचा छेद टाकला. तेव्हापासून छळ सुरू झाला. उन्हाच्या प्रत्येक चित्राखाली तेच: ‘सर, आता डोळा टाका ना.’ ‘सर, ऊन किती मार्कांना हाय?’

घरमालकीण सरजाबाई त्र्याण्णवच्या भूकंपापासून भिंतीवर काही टांगू देत नाहीत. ‘झोपेत डोक्यावर पडलं म्हंजे?’ त्यामुळे माझी चित्रे जमिनीवर, पाठ करून उभी. ते पान हीच माझी एकमेव भिंत, आणि तिच्यावरही किडनीच गाजत होती.

नांदेडचा माझा मित्र नागसेन काही तरुण चित्रकारांचे प्रदर्शन भरवत होता. ‘तुझं पान बघून एक चित्र निवडतो,’ असे त्याने कळवले. मी त्याच दिवशी किडनी पानावरून काढून टाकली आणि नावाखाली लिहिले, ‘प्रकाशाचा चित्रकार’. पान प्रथमच मला माझे वाटले.

दुपारी त्याचा फोन आला.

“यज्ञेश, किडनी कुठं गेली रे?”

“काढून टाकली.”

“कामून? मी तीच घेऊन राहिलो होतो की!”

“ती क्लासची आकृती आहे, नागसेन! पोरे घोकतात ती.”

“घोकू दे की. तुझं ऊन समदं बघितलं मी. लई देखणं हाय. लग्नपत्रिकेवर छापावं इतकं.”

“तुला चित्रातले काय कळते?”

“हाव, मला न्हाई कळत. पण किडनी दोनदा बघितली मी.”

मी फोन आपटला. त्याला खडसावणारे लांबलचक उत्तर लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. सोबत पुरावा हवा म्हणून माझे सर्वांत लाडके ऊन आणि किडनीचा मूळ कागद फरशीवर शेजारी ठेवून छायाचित्र घ्यायला वाकलो.

उन्हाकडे पाहताना ते रंगवताना मी किती हळवा झालो होतो, एवढेच आठवले. किडनीकडे पाहताना स्वतःची आठवणच राहिली नाही. एका बारीक नलिकेच्या वळणामागोमाग नजर जात राहिली, परतलीच नाही.

छायाचित्र घेतले नाही. उत्तरही पाठवले नाही.

किडनीच चांगली होती.